अड्यारच्या ग्रंथपालबाईंचा ब्लॉग

रत्नप्रभाला राग आला की ती ओरडत नसे. उलट तिचा आवाज खाली उतरे आणि शब्द सुटे सुटे, तोलून मापून बाहेर पडत. अड्यारच्या त्या संस्थेतल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. बाई हळू बोलायला लागल्या की आपण आपली चप्पल शोधावी, असं तिथले शिपाई एकमेकांना सांगत.

संस्था सरकारी. समुद्रकिनारा, वाळू, लाटा, मासे आणि माशांवर जगणारी माणसं यांचा अभ्यास तिथे चाले. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि रत्नप्रभा तिथली ग्रंथपाल. तंजावरच्या मराठी घराण्यातली. घरात कित्येक पिढ्यांत कुणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता, पण चुलीपाशी बोलायची भाषा मराठीच; जुनी, वळणदार, मधूनमधून तमिळची फोडणी दिलेली. नवरा जयतीर्थ रेल्वेच्या कचेरीत. मैलापूरला दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ग्रंथालय हेच तिचं पोर, असं नातेवाईक म्हणायचे. ते ऐकलं की तिला चीड येई. नोकरी ही नोकरी असते आणि ती नीट करायची असते, एवढंच तिचं म्हणणं होतं.

२००७ सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी श्रीनिधी नावाची मुलगी ग्रंथालयात आली. संशोधन करणारी विद्यार्थिनी. संस्थेचं एक छोटं केंद्र त्याच किनाऱ्यावर, बसनं तासाभराच्या अंतरावर असलेल्या कोवलम नावाच्या खेड्यात होतं, तिथे राहून ती मासळी विकणाऱ्या बायकांची माहिती गोळा करत होती. बसमध्ये उभ्यानं आल्यामुळे चेहरा लालबुंद झालेला, ओढणी घामानं चिकटलेली. तिला एक जुना अहवाल हवा होता.

रत्नप्रभानं कपाट पाहिलं, मग नोंद पाहिली. "तो बाइंडरकडे गेलाय. महिनाभर तरी येणार नाही."

"मॅडम, मी फोन केला होता," श्रीनिधी म्हणाली. "सकाळी केला, दुपारी केला, काल पण केला. ऑपरेटर दर वेळी सांगतो, लायब्ररी लंचला गेलीय."

"सकाळीसुद्धा?"

"सकाळीसुद्धा."

एवढं बोलून ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. दुःखानं नव्हे, संतापानं. रत्नप्रभानं तिला पाणी दिलं. पोरगी पाणी पिऊन, डोळे पुसून परतीच्या बसला निघून गेली, पण रत्नप्रभाच्या डोक्यातली तिडीक जाईना. ती खाली उतरून ऑपरेटरला काय बोलायचं ते हळू आवाजात बोलून आली. तरी समाधान होईना. "पुस्तक नाही" हे एक वाक्य ऐकायला माणसाला भर उन्हात एवढ्या लांबून यावं लागतं, ते कसलं ग्रंथालय?

पुढे दोन महिन्यांनी शहरातल्या एका कॉलेजात ग्रंथपालांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. बंगळुरूहून आलेल्या एक तरुण बाई पडद्यावर शब्दांमागून शब्द दाखवत होत्या. ब्लॉग, फीड, टॅग, चॅट, 'लायब्ररी टू पॉइंट ओ'. शेजारचे दोघे ग्रंथपाल जेवणाआधीच पेंगत होते. रत्नप्रभा मात्र जागी होती, कारण ती चिडली होती. पहिल्या आवृत्तीतली कामं कुणी धड करत नाही आणि म्हणे दुसरी आली!

जेवणानंतर त्या बाईंनी सगळ्यांना संगणकापुढे बसवलं आणि प्रत्येकाला एक ब्लॉग उघडायला लावला. काय लिहायचं ते रत्नप्रभाला सुचेना. शेवटी तिनं श्रीनिधीच्या अहवालाचं नाव टाइप केलं आणि पुढे इंग्रजीत लिहिलं, 'बाइंडरकडून परत आला आहे. येऊन घेऊन जा.' बटण दाबलं. शेजाऱ्याच्या संगणकावर पत्ता टाकून पाहिला, तर तिचं वाक्य तिथेही हजर! म्हणजे ते कोवलमलाही दिसत असणार. तिनं ते वाक्य चार वेळा वाचलं. इतकं सोपं होतं हे? मग आजवर कुणी सांगितलं का नाही? झालं, तिला पुन्हा राग आला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी ब्लॉग. कोणती पुस्तकं आली, कोणती बाइंडरकडे गेली, कोणत्या नियतकालिकाचा अंक टपालात हरवला. दुपारी तीन ते चार ती चॅटवर बसे. कुणीही काहीही विचारावं. पहिला आठवडा कुणी फिरकलं नाही. मग एके दिवशी कुणी अनोळखी माणूस आला आणि त्यानं तीन इंग्रजी अक्षरं टाकली. ही काय भानगड म्हणून तिनं श्रीनिधीला विचारलं, तर तिनं लाजत सांगितलं: वय, स्त्री का पुरुष आणि राहणार कुठे, असं तो विचारतोय. रत्नप्रभानं त्याला उत्तर धाडलं, 'वय शेहेचाळीस. बाई. अड्यार. ग्रंथपाल आहे. पुस्तक हवं असेल तर बोला.' तो पुन्हा आला नाही.

ऑर्कुटवर संस्थेच्या मुलांनी 'ग्रंथालयात झोपणारे आम्ही' असा एक गट काढल्याचं तिला कळलं. ती त्यात सामील झाली, तशी मुलांची तारांबळ उडाली. तिनं मागचं सगळं वाचून काढलं. आपल्याला 'सायलेन्स अक्का' म्हणतात हे तिला तिथे कळलं. खुर्च्यांत ढेकूण आहेत हेही कळलं.  दुसऱ्या दिवशी सगळ्या खुर्च्या गच्चीवर उन्हात टाकल्या, औषध मारलं आणि ब्लॉगवर लिहिलं, 'ढेकूण मारले. आता झोपू नका.'

त्या एका वाक्यानं काम केलं. मुलं वाचायला लागली, विचारायला लागली. श्रीनिधी कोवलमच्या केंद्रातून चॅटवर येई, अमुक प्रकरण हवं म्हणे. रत्नप्रभा पानं स्कॅन करून पाठवून देई. त्या पोरीच्या अड्यारच्या खेपा जवळजवळ थांबल्या.

आणि एका सोमवारी सकाळी ब्लॉगच्या जागी पडद्यावर एक राखाडी पाटी आली. 'ही साइट बंद करण्यात आली आहे. वर्ग: करमणूक व ओळखीपाळखी.' चॅट बंद. ऑर्कुट बंद.

संगणक विभागाचे प्रमुख विजयकुमार. रत्नप्रभा त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, सगळे ऑफिसात बसून ऑर्कुट बघतात," ते तमिळमध्ये म्हणाले. "वरून हुकूम आहे."

"ऑर्कुटचं राहू द्या. ग्रंथालयाचा ब्लॉग का बंद केलात?"

"मी नाही केला. काय बंद करायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं."

"सॉफ्टवेअर कुणी बसवलं?"

विजयकुमारांनी चष्मा पुसला. "डायरेक्टरांची लेखी परवानगी आणा. लगेच उघडतो."

डायरेक्टर म्हणजे डॉ. विद्याधर आगटे. वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेले. इथे मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून पहिल्या दिवशी त्यांना केवढा आनंद झाला होता! रत्नप्रभालाही झाला होता. तिचं बोलणं ऐकून ते हसून म्हणाले होते, "बाई, तुमचं मराठी म्हणजे अगदी बखर हो!" तेव्हा तिला ते कौतुक वाटलं. पुढे दर बैठकीत, दर पाहुण्यापुढे ते तिला बोलायला लावत आणि तोच विनोद करत. मग तिला कळलं, की ते आपल्याला नमुना म्हणून दाखवतायत, आणि तिनं त्यांच्यापुढे पुस्तकी मराठी बोलायला सुरुवात केली.

तिनं अर्ज दिला आणि भेटायला गेली.

"तुमचा ब्लॉग? अहो, मी रोज वाचतो!" आगटे म्हणाले. "ते ढेकणांचं तर फारच छान. उत्तम काम आहे. बघतो हं मी."

डायरेक्टर रोज वाचतात हे ऐकून ती इतकी हरखली, की ते कुठे बसून वाचतात हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

आठवडे गेले. दुसरा अर्ज दिला. मग तिसरा. तोवर ती पहाटे उठून घरच्या संगणकावरून ब्लॉग लिहीत होती. आदल्या दिवशीच्या पुस्तकांची नावं कागदावर उतरवून आणायची आणि कॉफी उकळेपर्यंत टाइप करायची. जयतीर्थ खोलीच्या दारात उभा राहून म्हणे, "अय्यो रत्ना, त्यांस नको तर तुज कशास हवें?" ती टाइप करत राही. पण दुपारचं चॅट घरून कसं चालणार? ते थांबलं. आणि एका दुपारी श्रीनिधी पुन्हा घामाघूम होऊन दारात उभी राहिली. तिला हवी असलेली पानं ग्रंथालयात नव्हतीच. त्या दिवशी रत्नप्रभा जेवली नाही.

२००८च्या सुरुवातीला दिल्लीहून पाहणी समिती आली. मोठ्या सभागृहात कार्यक्रम. रत्नप्रभाकडे काम आलं पुष्पगुच्छांचं. कुणाला कोणता द्यायचा, कोणत्या क्रमानं. ती मागच्या रांगेत गुच्छांच्या टोपलीशेजारी बसली होती.

आगटे छान बोलत. संस्थेची प्रगती सांगता सांगता ते म्हणाले, "आमचं ग्रंथालय आता चार भिंतींत राहिलेलं नाही. ब्लॉग, चॅट, ऑनलाइन सेवा. इथे आल्या आल्या ही कल्पना मी मांडली आणि माझ्या टीमनं ती उचलून धरली. प्रत्यक्षच दाखवतो." त्यांनी पत्ता टाकला.

भल्यामोठ्या पडद्यावर राखाडी पाटी आली. 'वर्ग: करमणूक व ओळखीपाळखी.'

कुणीतरी फिसकन हसलं. आगट्यांनी पुन्हा पत्ता टाकला. पुन्हा पाटी. मग ते समितीकडे वळून खेदानं म्हणाले, "ग्रंथालयानं नीट सांभाळलेला दिसत नाही. काल संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत व्यवस्थित उघडत होता."

माझ्या खोलीत.

रत्नप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. विजयकुमारांना बोलावून ब्लॉग उघडायला लावला होता, पण फक्त आपल्या खोलीपुरता. सगळी इमारत बंद, पोरं उन्हातून येतायत, ही पहाटे उठून टाइप करतेय, आणि हे गृहस्थ वर थंड हवेत बसून ढेकणांवर हसतायत! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

ती उठून उभी राहिली. समितीला कळावं म्हणून इंग्रजीत बोलली. आवाज इतका खाली, की पुढच्या रांगेतल्या लोकांना मान वळवावी लागली.

"सर, ब्लॉग चालू आहे. कोवलमला उघडतो. माझ्या घरी उघडतो. आणि आत्ता कळलं की तुमच्या खोलीतही उघडतो. बंद आहे तो बाकीच्या सगळ्या संस्थेत. तो उघडून द्या म्हणून मी तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही." तिनं पडद्याकडे बोट केलं. "आणि ही कल्पना आपली, असं आपण म्हणालात. मग पासवर्ड टाका, सर. मी बघते."

 समितीचे अध्यक्ष खाकरले आणि चहाची वेळ झाल्याचं त्यांनी सुचवलं. लोक उठले. रत्नप्रभाकडे कुणी पाहिलं नाही. वऱ्हांड्यात विजयकुमार तिच्याजवळ येऊन पुटपुटले, "मॅडम, माझं नाव नाही घेतलंत. थँक्स."

"घ्यायला हवं होतं," ती म्हणाली.

समिती परत गेल्यावर आगट्यांनी तिला बोलावलं. ते चिडलेले नव्हते. निदान दाखवत तरी नव्हते. खुर्ची पुढे केली.

"रत्नप्रभाबाई, घरातली भांडणं पाहुण्यांसमोर काढायची नसतात. परक्या मुलखात आपण दोघं मराठी माणसं..."

"मज हा मुलूख परका नाहीं," ती म्हणाली. रागाच्या भरात पुस्तकी मराठी निसटलं आणि घरचं बाहेर आलं. "आमचे लोक तीनशें वर्षं एथें आहेत. परके आपण."

आठ दिवसांत हुकूम आला. कोवलमच्या केंद्रातल्या पुस्तकांची नव्यानं मांडणी करण्यासाठी तिची तिकडे बदली. शिवाय वरिष्ठांशी गैरवर्तनाबद्दल लेखी ताकीद, आणि ब्लॉगचा पासवर्ड संगणक विभागाकडे द्यावा अशी सूचना.

"देऊन टाक," जयतीर्थ म्हणाला. "जाहलं तें जाहलं. उगा नोकरीवर कशास आणतेस?"

"ब्लॉग माझ्या नांवें आहे. त्यांस काय उतरून घेणें तें घेऊ दे. किल्ली देणार नाहीं."

तिनं तसंच लिहून दिलं. दुसरी ताकीद आली. तीही तिनं सही करून घेतली.

कोवलमच्या केंद्रात पुस्तकं म्हणजे दमट हवेनं फुगलेली दोन कपाटं होती. मांडायला दोन दिवस पुरले. खिडकीतून होड्या दिसत, वाळत घातलेल्या मासळीचा वास दिवसभर येई, आणि शुद्ध शाकाहारी घरातली रत्नप्रभा पहिला महिना नाकाला पदर लावून बसली. या जागेचं काहीही तिला आवडलं नाही. एक गोष्ट मात्र होती. केंद्राची इंटरनेटची लाइन वेगळी होती आणि विजयकुमारांचं सॉफ्टवेअर तिथवर पोचलं नव्हतं. तिनं तीन ते चारचं चॅट पुन्हा सुरू केलं.

पण प्रश्न येत कोवलमला आणि पुस्तकं होती अड्यारला! तिच्या जागी आलेल्या हंगामी माणसाला एक पान बघायला सांगावं म्हणून तिनं फोन केला, तर ऑपरेटर म्हणाला, लायब्ररी लंचला गेलीय. तिनं फोन असा आपटला की श्रीनिधी शेजारच्या खोलीतून धावत आली.

मार्ग श्रीनिधीनंच काढला. ती ऑर्कुटवरच्या त्या झोपाळू मंडळींशी बोलली. ती पोरं हॉस्टेलात किंवा बाहेरच्या ब्राउझिंग सेंटरवर ब्लॉग वाचत. रत्नप्रभा लिही, 'अमुक खंड, अमुक पान, काढून द्यायला कुणीतरी हवं आहे.' अड्यारला कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर जाई, पान शोधी, स्कॅन करून पाठवून देई. नाव कुणाचं नसे. अशा रीतीनं ग्रंथालय चाललं. ते डायरेक्टरांच्या नाकाखाली चाललं होतं, आणि यात लपवण्यासारखं काय आहे, या विचारानं रत्नप्रभाला रोज नव्यानं संताप येई. सरकारी ग्रंथालयातलं सरकारी पान सरकारी संशोधकाला पोचवायचं, तर चोरासारखं!

त्याच वर्षी संस्थेच्या नव्या 'डिजिटल ग्रंथालया'चं समई लावून उद्घाटन झालं. तिला आमंत्रण नव्हतं. संध्याकाळी श्रीनिधीनं ती साइट उघडून दाखवली. वर आगट्यांचा हसरा फोटो. खाली 'डायरेक्टरांच्या लेखणीतून' असं सदर. तिच्या ब्लॉगवरचा मजकूर कुणीतरी सरसकट उतरवून तिथे चिकटवला होता. वाचूनही पाहिलं नव्हतं. त्यामुळे फोटोच्या बरोबर खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'ढेकूण मारले. आता झोपू नका.'

श्रीनिधी पोट धरधरून हसली. रत्नप्रभाला मात्र हसू येईना. ते वाक्य तिचं होतं. त्या खुर्च्या तिनं स्वतः जिना चढून गच्चीवर नेल्या होत्या.

साइटवर त्यानंतर नवं काही आलं नाही. ते वाक्यही पुढे किती तरी महिने तसंच होतं, कारण ते पाहणारं कुणी नव्हतं.

२००९मध्ये आगट्यांना बढती मिळाली आणि ते दिल्लीला निघाले. नवे डायरेक्टर येण्याआधीच एक साधा हुकूम निघाला: रत्नप्रभानं अड्यारला परत यावं. कारण दिलेलं नव्हतं. ताकिदी मागे घेतलेल्या नव्हत्या. हंगामी माणूस सोडून गेला होता आणि ग्रंथालय उघडायला कुणी नव्हतं, एवढंच.

निरोप समारंभात ती मागे उभी होती. हार, शाल, भाषणं झाली. जाता जाता आगटे तिच्यापाशी थांबले. आजूबाजूला माणसं होती.

"काय बाई, अजून रागावलाय का माझ्यावर?" ते प्रेमळपणे मराठीत म्हणाले. "एकदा दोन शब्द बोला तुमच्या त्या बखरीतले. दिल्लीत ऐकायला मिळणार नाहीत."

रत्नप्रभानं हात जोडले आणि शुद्ध, सावकाश तमिळमध्ये म्हणाली, "तुमचा प्रवास सुखाचा होवो." आगट्यांना तमिळ येत नव्हतं. त्यांनी विजयकुमारांकडे पाहिलं. विजयकुमार जमिनीकडे बघत होते. आगटे हसले, मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर तिनं जयतीर्थला सगळं सांगितलं. तो खो खो हसला. "सरी, ठीक! बरें केलेंस. आतां तरी झालीस की शांत?"

ती स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला, चिंच भिजत घातली. शांत कसली होणार? प्रवास सुखाचा होवो म्हणून आपण त्या माणसाला चक्क आशीर्वाद देऊन आलो, हे आता तिच्या ध्यानात आलं होतं. खरं म्हणजे सरळ मराठीत, चारचौघांत विचारायला हवं होतं की ब्लॉग तुमच्या खोलीत उघडला, तेव्हा बाकीच्या खोल्यांचं काय झालं. वाक्य अगदी तोंडावर आलं होतं. तिनं विळी ओढली आणि वांगी चिरायला घेतली, इतक्या जोरात की बाहेरच्या खोलीतला जयतीर्थ हसायचा थांबला.